गौरीचा खुबा

३ जुलै
अंगणवाडीत आज पोरांची वजनं घेतली. दोघं कमी भरली. घरी येऊन गौरीला काट्यावर उभं केलं. बाराव्या वर्षी अडुसष्ट किलो. उद्यापासून रोज सकाळी माझ्याबरोबर कॅनॉलपर्यंत चालायचं, सांगून टाकलं. रडली. "आई, गुडघा दुखून राह्यला माहा." म्हटलं, चालशील तर थांबेल.

९ जुलै
रोज नेते. डावा पाय बाहेर फेकत चालते. गावातल्या डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला, मलम दिलं. हे म्हणाले, "काहून पोरीच्या मागं लागली?" ऐकलं नाही. कॅनॉलवर बायांसमोर तिला म्हटलं, सोंग करू नको.

१६ जुलै
शाळेच्या पायरीवर बसली ती उठलीच नाही. थेट यवतमाळ गाठलं. हाडांच्या डॉक्टरबाईंनी एक्स-रे काढला तो खुब्याचा. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा जागेवरून घसरलाय. दुखणं खुब्याचं, कळ गुडघ्यात. "आता एक पाऊलही टाकू देऊ नका."
विचारलं, मी चालवत होते, त्यानं...?
एक्स-रे पाकिटात घालत म्हणाल्या, "तुम्हाला माहीत नव्हतं."

१८ जुलै
काल ऑपरेशन. खुब्यात एक स्क्रू. रक्ताचा रिपोर्ट आला. थायरॉइड फार कमी, ड जीवनसत्त्वही. बाई म्हणाल्या, थायरॉइडनं हाडाची वाढती जागा कच्ची राहिली, वर वजनाचा भार.
मला वाटायचं, अंगानं भरलेल्या पोरांची हाडं दणकट असतात. वजन तर थोडं थायरॉइडचंही. आणि मी तिला खादाड म्हणायची. सगळ्यांसमोर.

२ ऑगस्ट
घरी आलो. कुबड्या. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी. उजवा खुबाही घसरू शकतो. तिकडे जरा दुखलं तरी त्याच दिवशी आणा, असं बजावलंय.
आज तिची माफी मागितली. ती भाकर मोडत होती. मान वर न करता म्हणाली, "मले वाटे, तुले माही लाज वाटते."
मी म्हणाले, नाही गं. पण थोडी वाटायची...

२१ ऑगस्ट
दुपारी खाटेवरून हाक. "आई, उजव्या गुडघ्यात कळ आली."
"कधीपासून?"
"आत्ताच. लगेच सांगतलं तुले."
पाय खाली टेकू दिला नाही. ह्यांनी गाडी आणली, तिला उचलून आत ठेवलं. यवतमाळच्या रस्त्यावर लिहितेय, अक्षर हलतंय. तिचं डोकं माझ्या मांडीवर. डोळे उघडे, माझ्याकडे बघतेय.