अठ्ठेचाळिसाव्या सेकंदाला

५ फेब्रुवारी

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. आईचे गुडघे कुरकुरतात, पण ती स्वतः कुरकुरत नाही, म्हणजे घरचं सगळं ठीक आहे असं समज. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोन लावला की आई शेजारी येऊन बसते आणि निम्मं बोलणं तीच करते. म्हणून लिहिते.

तुझं पत्र आणि फोटो मिळाला. प्रो कार्ड, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांचा तो परवाना, छातीशी धरून हसतेस तो. अभिनंदन. आईने तो शेजारच्या तिन्ही घरांत फिरवून आणला. तेवढ्यावर भागलं नाही म्हणून त्याची एक प्रत काढून गॅरेजवाल्या काकांच्या हाती आमच्या लाँड्रीतही पाठवली. हॉस्पिटलच्या चादरींच्या घड्या घालायचं आमचं टेबल तुला आठवत असेल. त्याच्यासमोर, बरोबर माझ्या डोळ्यांच्या रेषेत, तुला भिंतीवर चिकटवलंय. दिवसाला चारशे चादरी होतात. मान वर केली की तू. परवा नव्या मुकादमबाई आल्या आणि मला म्हणाल्या, "तुम्ही चिमणीच्या ताई ना?" अकरा वर्षं मी तिथे ओल्या चादरींच्या गाड्या ढकलतेय, पण ओळख पटली ती तुझ्या नावावर. असो. बाईंचा हेतू चांगला होता.

फोटोत तुझे दंड जरा बारीक वाटले. खाण्याकडे लक्ष दे.

आता तुझ्या विचारण्याबद्दल. पहिलीच व्यावसायिक स्पर्धा, पुरुषांच्या बरोबरीने त्याच मैदानात बायकांचाही गट, ट्रक ओढायचा, खांद्यावर लोखंडी चौकट घेऊन पळायचं, ओंडका डोक्यावर न्यायचा, शेवटी दगड. वाचूनच छाती भरून आली. मदतनीस म्हणून तुला मीच हवी आहे, हेही वाचलं. पण मला जमणार नाही गं. पाठ धरली आहे. एप्रिलमध्ये सुट्टी मिळणं कठीण. आणि डोळेही पूर्वीसारखे राहिले नाहीत. मला घड्याळ धड वाचता येत नाही हे तर सगळ्या मैदानाने पाहिलंच आहे. तुला आता एकाहून एक शिकलेली माणसं मिळतील. काकांना घेऊन जा. ते आयुष्यभर ट्रकांच्या खाली झोपलेत, ट्रक कसा हलतो ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

जास्त काय लिहू. हाताची कातडी सांभाळ.

तुझी,
ताई

२१ फेब्रुवारी

प्रिय चिमणे,

तुझं उत्तर आलं. चार ओळींचं. "चष्मा बदल, पाठीला पट्टा बांध, पण ये. तू समोर उभी असलीस की माझ्यात जोर येतो. मागच्या वेळचं मनाला लावून घेऊ नकोस, नजर कुणाचीही चुकते."

पाचवा दिवस आहे, ते पत्र माझ्या कामाच्या डगल्याच्या खिशात आहे. माझी पाठ ठणठणीत आहे. डोळेही. काल मुद्दाम डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले, म्हटलं, खरंच काही दोष निघाला तर बरं. त्यांनी सगळ्यात खालची बारीक ओळ वाचायला लावली. एक अक्षर चुकलं नाही.

तेव्हा आता सांगते. मध्येच थांबले तर पुन्हा लिहिणं होणार नाही.

सुरुवातीपासून सांगते, कारण तुला वाटतं ते मैदानावर सुरू झालं. ते त्याच्या फार आधीचं आहे. लाँड्रीची लिफ्ट बंद पडली होती आणि मी भरलेली गाडी एकटीने उतारावरून वर ढकलत नेत होते. काकू तेव्हा हॉस्पिटलात होत्या आणि काका व्हरांड्यात उभे होते. त्यांनी गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पोरी, हे तू रोज करतेस? मग फुकट कशाला करतेस? माझ्या गॅरेजमागे ये, तिथे यालाच खेळ म्हणतात." चौतिसाव्या वर्षी मला कोणी पहिल्यांदा 'तुझ्यात काहीतरी आहे' असं म्हटलं, चिमणे. तोपर्यंत माझी ताकद म्हणजे घरातलं कपाट सरकवायची सोय होती.

तुला मी घेऊन गेले ते माझी पाण्याची बाटली धरायला. खरंच. एकटीला लाज वाटायची म्हणून.

पहिले सहा महिने ते माझं राज्य होतं. मी टायर उलटायचे, तू टाळ्या वाजवायचीस. मग एके दिवशी काकांनी तुला सहज म्हटलं, "तूही बघ की उचलून." त्या शंभर किलोच्या दगडापाशी मी तीन आठवडे झगडत होते. तो माझ्या गुडघ्यापर्यंत यायचा आणि मांडीवर चढायचं नाव घ्यायचा नाही. तू बाटली खाली ठेवलीस, वाकलीस आणि तो तिसऱ्या खेपेला फळीवर ठेवलास. काका ओरडले. तू माझ्याकडे बघून ओरडलीस, "ताई, बघितलंस?"

बघितलं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं आई चेष्टेत म्हणाली त्या संध्याकाळी. सगळे हसले. मीही हसले. हसताना जबडा दुखला.

महिन्याभराने माझा खांदा दुखायला लागला, आठवतं? त्याला काहीच झालं नव्हतं. तुझ्यामागे दुसरी म्हणून उभं राहणं मला जमेना, म्हणून खांदा दुखवला. तू रोज शेक द्यायचीस आणि मी 'अगं इथे नाही, जरा वर' असं सांगायचे.

मग मी तुझी मदतनीस झाले. सगळ्यांना वाटलं, काय मोठ्या मनाची ताई आहे! पट्टा बांधते, खडू लावते, स्पर्धेला सोबत जाते. तुझ्याजवळ राहायचं तर दुसरी जागाच उरली नव्हती, आणि लांब राहून तुझं कौतुक ऐकणं त्याहून वाईट होतं.

आता मागच्या वर्षीचं.

शेवटचा खेळ. दोन्ही बाजूंना आडवे होऊ बघणारे ते दोन खांब, मध्ये तू, आणि हातांत साखळ्या. जास्त वेळ धरेल तिचं प्रो कार्ड. तू आणि ती उंच मुलगी, दोघींचे गुण सारखे. तिने तुझ्याआधी एक्कावन्न सेकंद धरले होते. घड्याळ तुझ्या पाठीमागे, त्याच्यासमोर मी. तुझ्या उजव्या तळव्याची साल आधीच निघाली होती. आत जायच्या आधी तू मला म्हणालीस, "आकडे सांगू नकोस, आकड्यांनी मी घाबरते. तिच्या पुढे गेले की फक्त 'झालं' म्हण. तोपर्यंत मी सोडणार नाही."

तू धरलंस. वीस, तीस, चाळीस. तुझा चेहरा जांभळा झाला होता आणि डोळे माझ्यावर होते, दुसरीकडे कुठेच नव्हते. माझ्या मागे लोक तुझं नाव घेऊन ओरडत होते. आणि माझ्या मनात आलं, आता तीन-चार सेकंदांनी ही इतकी पुढे जाईल की मी तिची 'कोण' हे सांगायचीही कुणाला गरज पडणार नाही.

घड्याळात अठ्ठेचाळीस सेकंद झाले होते. स्वच्छ दिसत होते. लाल, हाताएवढे आकडे.

मी "झालं!" म्हणून ओरडले.

तू लगेच सोडलंस. हसलीस. मग मागे वळून बघितलंस.

नजर चुकली नव्हती, चिमणे. मी ते मुद्दाम केलं.

तू सगळ्यांना सांगत फिरलीस, "एवढ्या गोंगाटात तिला कसं दिसणार?" काका माझ्यावर चिडले तेव्हा तू मध्ये पडलीस. परतीच्या बसमध्ये पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवून तू माझ्या त्याच 'दुखऱ्या' खांद्यावर झोपलीस आणि मी चार तास हलले नाही. त्याला मी प्रायश्चित्त समजत होते. किती स्वस्तात!

तुझं एक वर्ष माझ्यामुळे गेलं. तुला पुन्हा पहिल्यापासून सगळ्या स्पर्धा खेळाव्या लागल्या. म्हणून मी येणार नाही. पाठीमुळे नाही. पुन्हा तुझ्यासमोर उभी राहिले तर पुन्हा काय करेन, याची मला खात्री नाही.

आईला अजून सांगितलेलं नाही. आधी तुला कळायला हवं होतं.

ताई

२६ एप्रिल

चिमणे,

दोन महिने तुझं पत्र नाही, फोन फक्त आईला. ते योग्यच होतं, म्हणून मीही विचारलं नाही. मैदानावर तू म्हणालीस, "बाकीचं लिहून पाठव, तोंडावर ऐकायची माझी तयारी नाही." म्हणून लिहिते.

मी स्पर्धेला येणार नव्हते. आईने हट्ट धरला. तिला मी आदल्या आठवड्यात सगळं सांगितलं होतं. ती हातातल्या टॉवेलची घडी घालत राहिली, मोडत राहिली. मग म्हणाली, "तिच्यासमोर उभी राहू नकोस. पण बघायला तरी जा. नाहीतर जन्मभर भिंतीवरचा फोटोच बघत बसशील." म्हणून मी तिकीट काढून आलेल्या लोकांत, वरच्या रांगेत बसले. एका बाजूला एक बाई स्वेटर विणत होती, दुसऱ्या बाजूला कुणाचे तरी आजोबा. कुणालाही माहीत नव्हतं मी कोण. फार बरं वाटलं ते.

ट्रकच्या वेळी तू सुरुवातीलाच घसरलीस, काका खालून काहीतरी ओरडले, आणि मग तू पावलं बारीक केलीस. मी वरून तेच पुटपुटत होते. चौकट घेऊन तू पळालीस तेव्हा विणणारी बाई म्हणाली, "ही कोण गं? नुसती वाऱ्यासारखी!" 'माझी बहीण' असं माझ्या ओठांपर्यंत आलं होतं.

आणि दगड. चार तू पटापट ठेवलेस. पाचवा छातीपर्यंत नेलास, फळीच्या काठाला टेकवलास, आणि तो सुटला.

नंतर मी खाली आले, तेव्हा तू मला विचारलंस. स्पर्धा संपली होती, तू पाचवी आली होतीस, दहा जणींत. मी कठड्यापाशी उभी होते, तू दोन्ही हात पुढे करून आलीस, दगड निसटू नये म्हणून लावलेला चिकट डिंक कोपरापर्यंत. "काकांकडून हे निघत नाहीये," एवढंच बोललीस, आणि तेलाची बाटली माझ्याकडे दिलीस. मी पुसत होते. तू दुसरीकडे बघत म्हणालीस, "तुला मी माफ केलेलं नाही."

"माहीत आहे."

"खरं सांग. दगड पडला तेव्हा बरं वाटलं?"

मी म्हटलं, "थोडं."

तू मान हलवलीस आणि हात काढून घेतलास. एक कोपर तसंच राहिलं.

ते 'थोडं' खोटं होतं. म्हणून हे पत्र. दगड सुटला तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी उभी राहिले. शेजारच्या आजोबांना वाटलं मी हळहळले. आणि पुढच्याच क्षणी तू पुन्हा वाकलीस, वेळ संपत आलेली, पाठ थरथरत होती, आणि मी उभ्या उभ्या ओरडायला लागले, "गुडघ्यात घे! आधी मांडीवर घे!" घसा बसला. दगड फळीवर गेला तेव्हा मी रडले, आणि त्या रडण्यातही अर्धं दुखणं होतं. दोन्ही खरं आहे. यातलं कुठलं जास्त खरं, ते मला ठरवता आलं नाही. तुला हवं तसं तू ठरव.

परत आल्यावर मी सोमवारी गॅरेजमागे गेले. खेळायला. माझं वय आता अडतीस आहे, हे मला कुणी सांगायला नको. काकांना आधी ते घड्याळाचं सांगितलं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. इतकी वर्षं मी त्यांना ओळखते, त्यांना माझ्याशी इतक्या हळू आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"ती पोर मला दोनदा म्हणाली, ताईला बोलू नका," ते म्हणाले. "इथल्या एका दगडालाही तू हात लावायचा नाहीस. चिमणी हो म्हणेल त्या दिवशी ये."

म्हणजे किल्ली तुझ्याकडे आहे. मी भीक मागत नाही. 'नाही' म्हणालीस तर लाँड्रीच्या उतारावर गाड्या ढकलेन, तुझ्या वाटेला जाणार नाही. पण 'हो' म्हणालीस तर एवढं कबूल करते, की यापुढे तुझ्यावर जळायचं असेल तर हातात वजन घेऊन जळेन. तुझ्या समोर, तुझ्या डोळ्यांदेखत. तू मला रोज हरवशील. हरव.

आईने दोन ओळी लिहायला सांगितल्या होत्या, त्या मी लिहीत नाही. तिचं ती लिहील. हे पत्र फक्त माझं असू दे.

तुझ्यावर जळणारी, आणि तरीही तुझीच,
ताई