जिवंतपणी भिंतीवर

ठाकुर्ली (पूर्व)

तीर्थरूप आक्कास,

धाकट्या भिवाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस ना? पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. आता माझ्या पत्राऐवजी माझी बातमीच तुला येणार असं वाटत होतं, म्हणून पेन हातात धरलं नाही. (फोन केला असता, पण तुला नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही.)

झालं असं, की छातीत जळजळतं म्हणून मी नाक्यावरच्या देवयानी डॉक्टरांकडे गेलो. बाई चांगल्या, पण बोलतात कमी. नळी लावली, जीभ पाहिली आणि मग नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. (अण्णांकडेही डॉक्टर असाच बघत राहिला होता. पुढचं तुला माहीत आहे.) मग म्हणाल्या, "आजोबा, खिडकीकडे बघा. हलू नका." मी कशाला हलतोय! हातपाय गार पडलेले. त्या मांडीवर फळी घेऊन काहीतरी खरडत होत्या. मला वाटलं, माझा आजार उतरवून घेतायत. शेवटी म्हणाल्या, "तुम्हाला काही झालेलं नाही, रात्री वडे खाऊ नका. उद्या येऊन असेच बसाल?" काही झालेलं नाही, तर उद्या कशाला? आणखीही काय काय विचारलं, मी घाबरून सगळ्यालाच मान हलवली. वर फी नको म्हणाल्या. मग तर माझी खात्रीच पटली.

असा मी बरेच दिवस जाऊन बसत होतो. घरी कुणाला बोललो नाही. नवी छत्री वॉचमनला दिली, रेडिओ तुझ्या आनंदबरोबर तुला पाठवला. तुझी भावजय म्हणाली, "हा काय दानधर्म काढलाय?"

रविवारी सूनबाई रुचिता आम्हा दोघांना ठाण्याला घेऊन गेली. डॉक्टरबाई चित्रं काढतात, त्यांचं प्रदर्शन आहे, तुम्हाला मुद्दाम बोलावलंय, म्हणाली. हॉलमध्ये शिरतो तो समोरच्या भिंतीवर मी! चांगला पुरुषभर उंच, डोळे अर्धे मिटलेले, खाली मोगऱ्याची फुलं! आक्का, आपल्या घरात माणूस गेल्याशिवाय भिंतीवर चढत नाही. आजोबा तसे चढले, अण्णा तसे चढले. मी मटकन खुर्चीत बसलो. एक बाई चित्रापुढे हात जोडून तुझ्या भावजयीला हळूच म्हणाल्या, "कधी गेले हो?" ही म्हणते, "जातायत कुठले! ते बघा, पंख्याखाली पाणी पितायत."

तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. "आजोबा, माझ्यासमोर बसलेला प्रत्येक जण घाईत असतो. तुमच्यासारखं शांत बसलेलं मी कुणाला पाहिलं नाही." चित्राखाली नावसुद्धा तेच, 'स्वस्थ'. अगं, कसला स्वस्थ? भीतीने दातखीळ बसली होती माझी! पण त्यांचे डोळे पाणावलेले, मी काय बोलणार? तुझी भावजय मात्र बोललीच. "डॉक्टर, हा माणूस तुम्हाला कुठे भेटला? आमच्या घरी कधी आला नाही."

असो. मी बरा आहे. वडे बंद आहेत.

तुझा
भिवा

ता. क. रेडिओ आनंदबरोबर परत पाठव. छत्री मागायला तोंड नाही.

आणखी ता. क. खरं काम राहिलंच. बाईंनी चित्र आम्हाला भेट दिलंय. हिने अण्णांच्या फोटोशेजारी खिळा ठोकून घेतला. मी आडवा आलो, तर म्हणते, आक्का नको म्हणाल्या तरच थांबेन. घरात तू मोठी, तेव्हा जिवंत माणूस टांगायचा नसतो, असं स्पष्ट लिही.

शेवटचा ता. क. घाई नको, थांब. चित्र सध्या कपाटाला टेकवून ठेवलंय. ही सकाळी त्याच्यासमोर चहा घेऊन बसते आणि मला न सांगितलेलं सगळं त्याला सांगते. काल दाराआड उभा राहून मीही ऐकलं. तेव्हा टांगायला हरकत नाही, पण हार घालायचा नाही, एवढंच लिही. मात्र लवकर कळव गं. खिळ्याखालीच माझी खाट आहे.