साडेपाचच्या चित्राचा वारस

त्या सकाळी मी आधी रताळ्याचा पाला निवडला, मग भाताची पेज चुलीवर ठेवली आणि दुकानाचं शटर अर्धं वर केलं. माझा नवरा आ-फा कुंड्यांपाशी वाकून कागदी फुलांच्या वेलाचा फोटो काढत होता. मी म्हटलं, "रोज तेच फूल. लोक कंटाळत नाहीत?" तो म्हणाला, "फूल कोण बघतंय? मी आहे एवढंच बघतात." मी पेज ढवळायला आत गेले. खारवलेली काकडी काढायला बरणीत हात घातला, तेव्हा बाहेर स्टूल पडल्याचा आवाज आला.

मृत्युपत्राची सुरुवात अशी करायची नसते, हे मला माहीत आहे. पण मी हे पान फाडणार नाही, कारण पहिल्या दोन प्रती फाडून झाल्या आहेत. नगर कचेरीतला कारकून म्हणाला, "आजी, सगळं स्वतःच्या हाताने लिहायचं. फोनवर लिहून छापलं तर चालणार नाही. काही खोडलं तर कुठे खोडलं, किती शब्द खोडले, ते लिहून तिथे सही करायची." माझं निम्मं आयुष्य फोनमध्ये गेलं आणि शेवट मात्र कागदावर करायचा आहे. असो.

मी, छंग पाओ-श्या, वय एकाहत्तर, शिक्के कोरणारा कै. लिआओ चिन-फा, म्हणजेच आ-फा, याची बायको, राहणार शीलो, युनलिन जिल्हा, पूर्ण शुद्धीत हे लिहिते. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. येत्या सोमवारी डॉक्टर माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. ते म्हणतात, काळजीचं कारण नाही. आ-फालाही पंधरा दिवस आधी कुणीतरी असंच म्हटलं होतं, म्हणून लिहून ठेवते.

कलम पहिले. दुकान, त्यावरची राहती खोली आणि टपाल कचेरीतल्या बचत खात्यात जे काही असेल ते माझी मुलगी श्यो-छिन हिचं. यात वाद नाही, कारण ती एकटीच आहे. छत गळतं तिथे बादली आहे. बादलीसुद्धा तिचीच.

कलम दुसरे. कोरण्या, कोरताना शिक्का धरायचा लाकडी शिकंजा आणि लाल शाईचं चिनीमातीचं भांडं आ-फाचा वर्गमित्र वान-फू याला द्यावं. तो बसचालक होता, त्याला कोरायला येत नाही. पण ताइचुंगहून आला की आ-फा काम करताना तो तासन् तास समोर बसायचा आणि एकही शब्द बोलायचा नाही. अशा माणसाजवळ हत्यारं सुखी राहतील.

या हत्यारांवर मी वाचायला शिकले. मी शाळेत गेले नाही. लग्न होऊन आले तेव्हा दुकानावरची पाटीही मला वाचता येत नव्हती. आ-फाने मला माझ्या नावाचा, आमच्याकडे सहीऐवजी चालतो तसा शिक्का कोरून दिला आणि रोज एकेक नाव शिकवलं. शिक्क्यावर अक्षरं उलटी असतात. त्यामुळे मी गावातल्या सगळ्यांची नावं आधी उलटी शिकले, आणि वर्तमानपत्र हातात घेतलं तेव्हा वाटलं, छापणाऱ्याने घोळ घातलाय. आजही घाईत माझ्या हातून उलटंच उमटतं.

म्हणून कलम तिसरे, सगळ्या पासवर्डांबद्दल. ते शिकंज्यामागच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिले आहेत. चोराला कळू नयेत म्हणून उलटे लिहिलेत. श्यो-छिन, आरसा घेऊन जा. गेल्या वर्षी मी स्वतः आरसा न घेता गेले होते आणि तीनदा चुकल्यावर फोनने मला दिवसभर घराबाहेर ठेवलं.

कलम चौथे. ईमेल. श्यो-छिनने मला पत्रपेटी उघडून दिली आणि म्हणाली, "आई, यातलं बहुतेक सगळं कचरा असतो. वाचू नकोस." लग्नानंतर वाचायला शिकलेल्या बाईला असं सांगून उपयोग नसतो. माझ्या पेटीत न वाचलेलं एकही पत्र नाही. चपलांच्या दुकानाने लिहिलं, 'प्रिय छंग, तुमची आठवण येते.' मी उत्तर दिलं की आभारी आहे, चपला आहेत, दुकान कसं चाललंय? त्यांनी पुन्हा लिहिलं. दोन महिने आमचा असा पत्रव्यवहार चालला. मग श्यो-छिनने पाहिलं.

"आई, तिकडे माणूस नाहीये!"

"मग खाली नाव कुणाचं आहे?"

"कुणाचंच नाही. यंत्र पाठवतं ते."

"यंत्राला माझी आठवण येते?"

ती सिन्चूच्या कचेरीत बसते आणि दिवसाला दोनशे पत्रं न वाचता पुसते. मी तिला म्हटलं, तुझं शिक्षण जास्त झालंय. ही पेटी बंद करावी. चपलांच्या दुकानाला मात्र एक ओळ कळवावी. यंत्र असलं म्हणून काय झालं.

कलम पाचवे. माझा वाचायचा चष्मा माझी नणंद आ-लुआन हिला. लग्नाच्या दिवशी मांडवात ती म्हणाली होती, "आमच्या भावाने डोळे असून आंधळी आणली." आज ती रोज बारा औषधं फोनवरून पाठवते. मोज्यात कांदा ठेवा, केळ्याच्या सालीचा काढा प्या. आधीच्या आठवड्यात जे विष होतं, तेच पुढच्या आठवड्यात अमृत असतं. पाठवण्याआधी ती वाचत नाही हे उघड आहे. चष्मा स्वच्छ पुसून द्यावा. मोज्यातला कांदा मी एकदा करून पाहिला होता. पायाला आठवडाभर वास येत होता, हे मी तिला कधी सांगितलं नाही आणि कुणी सांगू नये.

(या कलमात दुसऱ्या ओळीनंतर एक शब्द खोडला. तो शब्द आ-लुआनबद्दल होता. सही, छंग पाओ-श्या.)

कलम सहावे. हे मी सगळ्यात शेवटी ठेवलं, कारण यात माझा गुन्हा आहे.

आ-फाच्या फोनवर त्याच्या सहावीच्या वर्गाचा गट आहे. आ-फा रोज सकाळी साडेपाचला त्यांना चित्र पाठवायचा: एक फूल, त्यावर त्याच्या हातची 'सुप्रभात, आरोग्य लाभो' ही अक्षरं आणि कोपऱ्यात त्याचा लाल शिक्का. तरुण लोक या चित्रांना हसतात. मीही हसायचे. पण गटात प्रत्येकजण उत्तरादाखल काहीतरी उमटवतो, हात जोडलेले, नाचणारं अस्वल, काहीही. साडेसातपर्यंत ज्याचं काही आलं नाही, त्याला आ-फा फोन करायचा. बहुतेक वेळा फोन चार्ज केलेला नसायचा. एकदा मात्र पेइकांगला एकटी राहणारी यू-चू न्हाणीत पडून होती आणि आ-फाच्या फोनमुळेच शेजाऱ्यांनी दार तोडलं. ती शाळेची हजेरी होती, फक्त मास्तर नव्हते.

तीन वर्षांपूर्वी त्या सकाळी आ-फाने चित्र पाठवलं आणि मग तो कुंड्यांपाशी पडला. मी त्याच्या शेजारी बसले होते आणि त्याच्या खिशात एकामागून एक उत्तरं वाजत होती. तुलाही आरोग्य लाभो. तुलाही. तुलाही.

आ-फा आठवडाभराची चित्रं आधीच करून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी त्यातलं एक पाठवलं. मला वाटलं, आज चित्र गेलं नाही तर सगळे घाबरतील, उद्या सांगू. उद्याही तेच वाटलं. गावातले त्याचे चार वर्गमित्र आमच्या दारातल्या मांडवाखाली माझ्यासोबत बसून त्याच्यासोबत जाळायची कागदाची कमळं घडवत होते. त्याच पहाटे त्यांच्याही फोनवर त्याचं फूल गेलं होतं. माझ्याकडे बघून ते चौघे कमळं घडवत राहिले.

आमच्याकडे अंत्यविधी मुहूर्त पाहून होतो; नवव्या दिवशी बाहेरगावच्यांना त्याची छापील पत्रं पोचली. ताइचुंगहून वान-फूने गटात लिहिलं, "आ-फा, तुझ्या मरणाचं पत्र आलंय. शनिवारी नऊ वाजता तुझा अंत्यविधी आहे. तू येणार आहेस का?"

मी लिहिलं, "येणार आहे. तूही ये."

शनिवारी तो आला, उदबत्ती लावली, माझ्या हातचं जेवला आणि जाताना म्हणाला, "उद्याचं चित्र येऊ दे." मग ते येतच राहिलं. आ-फाची संपली तशी मी करायला लागले, आणि साडेसातपर्यंत ज्याचं आलं नाही त्याला 'आ-फाच्या घरून बोलतेय' म्हणून फोनही मीच करायचे. फूल माझ्या कुंडीतलं, अक्षरं त्याच्या वळणाची, कोपऱ्यात त्याचा शिक्का, आणि खाली कधी वाऱ्यापावसाबद्दल एखादी ओळ.

शिक्के कोरणाऱ्याच्या घरात याहून मोठा गुन्हा नाही. दुसऱ्याचा शिक्का आपण उमटवायचा नाही, हा आमच्या दुकानाचा पहिला नियम. दुसरा नियम असा की माणूस गेला, की घरच्यांनी त्याचा शिक्का आणून द्यायचा आणि आ-फाने त्यावर एक आडवी चीर पाडायची, म्हणजे तो पुन्हा कुठे उमटणार नाही. गावातल्या कितीतरी लोकांच्या शिक्क्यांवर त्याने ती चीर पाडली. त्याच्या शिक्क्यावर पाडायला मी उरले होते, आणि मी तोच रोज वापरला. शिवाय तो वर्ग माझा नाही. शाळेची पायरी न चढलेली बाई तीन वर्षं सहावीत बसली आहे, तेही नवऱ्याच्या नावावर.

श्यो-छिन दर भेटीत म्हणते, "आई, बाबांचा नंबर बंद करू या. कुणी चोरून वापरला तर?" मी म्हणते, "चोराने निदान साडेपाचला उठावं." मग आम्ही दोघी दुसरंच काहीतरी बोलतो. एकदा तिने विचारलं, "तुला त्यांच्या नावाने लिहिताना कसं वाटतं?" मी म्हटलं, "हात दुखतो." खरं उत्तर असं की तेवढा वेळ तो जिवंत असतो आणि मी नसते. मला ते चालत होतं.

पण सोमवारी मी उठले नाही तर मंगळवारचं चित्र कोण पाठवणार? वर्ग दुसऱ्यांदा आ-फाला गमावणार, आणि कुणी पडलं तर दार तोडायला सांगणारंही नसणार. म्हणून मी असं ठरवते की आ-फाचा फोन आणि शिक्का श्यो-छिनकडे जावा, फोन रोज चार्ज व्हावा, आणि वर्गात एकजण जरी उरला असेल तोवर तिने साडेपाचला

हे वाक्य अर्धं राहिलं, कारण साक्षीदार वेळेआधी आले. कारकून म्हणाला होता की अशा मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. पण साक्षीदारांशिवाय मला ते वाणसामानाच्या यादीसारखं वाटतं. वान-फू ताइचुंगहून आला, सोबत पेइकांगहून यू-चूला घेऊन. त्याने सहावं कलम माझ्या खांद्यावरून वाचलं.

"पाओ-श्या, तुला खरंच वाटतं आम्ही त्याला उत्तरं देत होतो?"

"मग कुणाला?"

"आ-फाने जन्मात कुणाला 'गळ्याला गुंडाळून घे, वारा आहे' म्हटलं नव्हतं. मेल्यावर एकदम मायाळू झाला?"

यू-चू म्हणाली, "मी तर त्याच्या श्राद्धालासुद्धा तुलाच अस्वल पाठवलं. ते तुझ्यासाठी आहे असं तू कधी मानलंस का?"

"मी तुमच्या वर्गातली नाही."

"आमच्या वर्गात नापास झालेला वान-फू आहे," यू-चू म्हणाली. "तू चालशील."

वान-फूने माझा फोन मागितला, बराच वेळ बोटाने इकडेतिकडे ढकलला, आणि माझं नाव त्या गटात घातलं. मग म्हणाला, "त्या पोरीच्या गळ्यात मेलेल्या बापाची पहाट बांधू नकोस. तिला साडेपाचला झोपू दे. तुझ्यानंतर मी पाठवीन. माझ्यानंतर ही."

मी त्यांना पेज वाढली.

(सहाव्या कलमातलं, 'म्हणून मी असं ठरवते' पासून 'साडेपाचला' पर्यंतचं अपुरं वाक्य खोडलं. शब्द चोवीस. सही, छंग पाओ-श्या.)

साक्षीदार: वान-फू, निवृत्त बसचालक, ताइचुंग. यू-चू, गृहिणी, पेइकांग.
लिहून देणार: छंग पाओ-श्या. सही आणि स्वतःचा शिक्का.
ठिकाण शीलो. प्रजासत्ताकाचे वर्ष एकशे तेरा, म्हणजे इसवी सन दोन हजार चोवीस, अकरावा महिना, चौदा तारीख.

मागाहून घातलेली भर, शेवटच्या पानावर, सहीखाली. तारीख पंधरा. शब्द मोजले नाहीत, कारकुनाने मोजावेत.

आज पाच वाजता उठले. कागदी फुलांच्या वेलाचा फोटो काढला. अक्षरं माझ्या वळणाने लिहिली आणि कोपऱ्यात माझा शिक्का उमटवला. साडेपाचला ते माझ्या फोनवरून वर्गाला पाठवलं. मग आ-फाची बारीक कोरणी घेतली आणि त्याच्या शिक्क्यावर आडवी चीर पाडली. पेज ठेवली. साडेसातपर्यंत यू-चू सोडून सगळ्यांचं आलं होतं. मी तिला फोन केला आणि माझं नाव सांगितलं.

छंग पाओ-श्या