भेगेवरची काच

देवाला स्मरून, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहितो, की मी, धंद्याने गवंडी, वय एकोणपन्नास, आज पूर्ण शुद्धीत असून माझे डोके ठिकाणावर आहे. पत्नीचे याबाबत वेगळे मत आहे. तेही खाली येईल.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीला. तिच्यानंतर मुलीला.

२. थापी आणि ओळंबा मुलीला. ती हसेल. ओळंबा माझ्या वस्तादांचा आहे, विकू नये.

३. मला प्रोस्टेटचा कर्करोग आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, गाठ लहान आहे, धोका कमी, वाढलीच तर सावकाश. आत्ता ऑपरेशन केले तर लघवीवरचा ताबा जाऊ शकतो, नवरा-बायकोतलेही काही जाऊ शकते. नाही तर ठरल्या वेळी रक्त तपासायचे, मधूनमधून सुईने तुकडा काढून पाहायचा, वाढ दिसली की उपचार. मी थांबून पाहायचे ठरवले. तेव्हापासून पत्नी नीट झोपलेली नाही. मी रोज देवापुढे नुसते हात जोडत असे, हल्ली मागतो.

४. मेहुण्याला, म्हणजे पत्नीच्या रंगारी भावाला, काहीही ठेवलेले नाही. तो या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणाले. थोडा रागही आहे. भेग दिसली की आम्ही गवंडी लगेच भिंत फोडत नाही. भेगेवर आडवी काचेची पट्टी बसवतो. काच तडकली तर भेग चालू आहे, काम काढायचे. आमच्या स्वयंपाकघरातल्या भेगेवर अशी काच होती. बहिणीला ती बघवत नाही म्हणून या रंगाऱ्याने काचेसकट भेग लिंपून वर रंग दिला. मी म्हणालो, भिंत होती तशीच आहे, फक्त आता कळायचे नाही. तेव्हा पत्नी म्हणाली, "भिंत पडली तर दुसरी बांधाल. तुम्ही पडलात तर?"

५. हे कलम मृत्युपत्रात बसत नाही असे वकील म्हणाले. बसवा म्हटले. उद्या सुईची तपासणी आहे. वाढ दिसली तर उपचार केव्हा आणि कोणता, ते पत्नी ठरवील; मी कां-कूं करणार नाही. वाढ नसेल तर तिने मला पुढच्या तपासणीपर्यंत थांबू द्यावे. आणि थांबण्यात मी चुकलोच, तर तू बाबांना का अडवले नाहीस, असे तिला कोणी विचारू नये. मुलीनेही नाही. तिने अडवले होते.

हे सर्व मी पत्नीला आजच वाचून दाखवले. ती उठून त्या रंगवलेल्या भिंतीपाशी गेली. मग भावाला म्हणाली, "खरवड ते. काच लाव परत. रोज मी बघेन."

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर.
दिनांक: तपासणीच्या आदला दिवस.
सही: गवंडी, स्वहस्ते.

साक्षीदार:
१. शेजारचे शिंपीकाका.
२. मेहुणा, रंगारी. याच्या हाताला ओले प्लास्टर असल्याने सहीवर डाग पडला आहे. ती खाडाखोड समजू नये.