आबा, झऱ्याचं पाणी गढूळ झालंय

आबा,

तुम्ही गेल्यापासून दीड वर्षात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितेय, कारण सकाळी आईचा फोन आला. "झऱ्याला गढूळ पाणी येतंय गं. आठ दिवसांत पाऊस नाही, मग माती कुठून आली?" इथे परदेशात, नोव्हेनाच्या हॉस्पिटलात माझी ड्यूटी सुरू व्हायची होती.

माती कुठून येते ते तुम्हीच शिकवलंत. ईशान्येच्या डोंगरात तुमच्या तुकडीचा तंबू दरडीखाली गेला, त्याच्या आदल्या दिवशी ओढा असाच लाल झाला होता. चार साथीदार गमावून तुम्ही पेन्शनीवर आलात आणि आपल्या वाडीवरच्या डोंगराचे पहारेकरी झालात. उतारावर खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची, जमीन सरकली का ते रोज हात लावून बघायचं. लोक हसायचे. खरं सांगू? मीही हसायचे.

"त्या उताराला कुदळ लावू नका," एवढंच तुमचं मागणं होतं. तुम्ही गेलात आणि सुरेशदादाने त्याच उतारावरून जाणाऱ्या रिसॉर्टच्या रस्त्यासाठी संमतीचा कागद पाठवला. इथल्या सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये, कुकर लावता लावता, मी सही केली. भावाशी वाकडं नको म्हणून.

पण तुम्हीही तसेच. सगळं तोंडी! एक चिठ्ठी लिहून ठेवली असतीत तर काय बिघडलं असतं?

दादाला फोन केला, तर म्हणाला, "म्हाताऱ्याचं भूत तुझ्या मानगुटीवर बसलंय." आई घर सोडेना. मग मी खोटं बोलले. म्हटलं, आबांची चिठ्ठी माझ्याकडे आहे. झरा गढूळला की वाडीने खाली शाळेत जायचं, असा हुकूम आहे.

आई म्हणाली, "आधी का नाही सांगितलंस? त्यांचा शब्द मी कधी मोडलाय?"

शेजारच्या दोन घरांना घेऊन ती शाळेत पोचलीय. बाकीची वाडी अजून वरच आहे. दादाही उतारावरच आहे, आणि खोदकाम थांबलेलं नाही. मला फार भीती वाटतेय, आबा.

संध्याकाळच्या विमानाने निघतेय. सही माझीही आहे, हे साऱ्या वाडीला सांगेन. तरी दादा हलला नाही, तर त्या उतारावर त्याच्याशेजारी जाऊन बसेन. बहिणीला तिथं धोक्यात ठेवून तो खोदत राहणार नाही, आणि त्याला सोडून मी उतरणार नाही.

तुमची, उशिरा शहाणी झालेली,
सुमन