विचारून गप्प राहणं

६ जानेवारी, सोमवार

नाटकच करायला लावणार म्हणजे! महामाया मॅडमनी आज सांगून टाकलं, ऑडिटच्या अंतर्गत गुणांसाठी यंदा पेपर नाही. एकानं दुकानाचा मालक व्हायचं, एकानं ऑडिटर. मालकाला मॅडम आधी चिठ्ठी देणार, काय लपवायचं त्याची. ऑडिटरनं सगळ्या वर्गासमोर प्रश्न विचारून ते बाहेर काढायचं.

मेले मी. मला ताळेबंद द्या, बँकेचा मेळ द्या, तासभर मान वर करणार नाही. मागच्या महिन्यात गटागटानं उदाहरणं सोडवली, ती जमली. मग प्रत्येकानं एकेक धडा वर्गाला शिकवला. मी घसारा शिकवला — फळ्याकडे तोंड करून, पण शिकवला! मॅडम म्हणतात, सोडवून हात बसतो, शिकवून डोकं साफ होतं, आता तोंड उघडायचं राहिलं. आणि माझ्यासमोर मालक कोण, तर राजकुमार! अख्ख्या फायनल इयरला बोलण्यात गुंडाळतो तो.

९ जानेवारी, गुरुवार

बाबा आज परत औरंगाबादला गेले होते. मोटार वाइंडिंगची तांब्याची तार आणतो म्हणतात, आणि रिकामी पिशवी घेऊन येतात. इकडे लोकांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुकानात तशाच पडून आहेत. रब्बीचे दिवस, लोक तगादा लावतात. बाबांचं लक्षच नाही.

शर्टाला फिनेलचा वास येत होता. दवाखान्यात येतो तसला. अर्धी भाकर खाऊन उठले. मी विचारलं, तार मिळाली नसेल ना आजपण? ते म्हणाले, हाव, नाई भेटली. झालं.

बाबांना काहीतरी झालंय. मोठं. त्या रोगाचं नाव इथं लिहायचीसुद्धा भीती वाटते. आई मात्र मजेत तुरीच्या शेंगा सोलत होती. तिला काही दिसतच नाही का?

१३ जानेवारी, सोमवार

फजिती!

मी म्हटलं, माल गोदामात असेलच. राजकुमार म्हणाला, हो मॅडम. मी म्हटलं, मोजलाही असेल. हो मॅडम. संपलं माझं ऑडिट! चिठ्ठीत काय होतं, तर गोदामच नाही. वर्ग हसून हसून लोळला.

महामाया मॅडम हसल्या नाहीत. तास संपल्यावर बाजूला घेतलं. "सुवर्णा, तू प्रश्न विचारतच नाहीस. तुला जे ऐकायचं असतं ते तू समोरच्याच्या तोंडात घालतेस, तो नुसती मान हलवतो. साधं विचार. आणि विचारून झालं की गप्प राहा. कितीही अवघड वाटलं तरी पुढचा शब्द त्याचा." पुढच्या सोमवारी आणखी एक संधी दिली.

एसटीत आमच्या धाड गावापर्यंत हेच डोक्यात. तारेचं मी बाबांना कसं विचारलं होतं? असंच! मला नकोय ते उत्तर, म्हणून मीच दुसरं पुढं केलं.

१५ जानेवारी, बुधवार

माझ्या मैत्रिणीवर, करिष्मावर सराव केला, बसस्टँडवर. काल कॉलेजला का आली नाहीस, एवढंच विचारलं आणि गप्प. आधी म्हणाली डोकं दुखत होतं. मग ओढणीशी खेळत बसली. मग आपणहून सांगितलं — पाहुणे आले होते बघायला. तिला मुलगा आवडला नाही, घरच्यांना आवडलाय. रडली बिचारी.

हे खरंच चालतं तर. मला आणखीनच भीती वाटायला लागली.

१६ जानेवारी, गुरुवार

बाबा गेले. आले. पिशवी रिकामी. मी काही विचारलं नाही.

२० जानेवारी, सोमवार

जमलं!

या वेळी मॅडमनी राजकुमारला नवी चिठ्ठी दिली होती. मी विचारलं, "एवढा माल विकला, तो गिऱ्हाइकाकडे कसा पोचवला?" आणि थांबले. वर्गात पंख्याचा आवाज. राजकुमार हसला, मी नाही हसले. म्हणाला, ट्रकनं. मी गप्प. म्हणाला, म्हणजे ट्रक भाड्याचा होता... पावती सापडत नाही... म्हणजे पुढच्या महिन्यात जाणार आहे माल. स्वतःच थांबला आणि कपाळावर हात मारला! न पाठवलेला माल विकला म्हणून दाखवला होता. मॅडमनी पैकीच्या पैकी दिले.

सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला रडू येत होतं. आजवर म्हणता येत होतं की मला विचारता येत नाही. आता तेही गेलं.

२३ जानेवारी, गुरुवार

जेवताना विचारणार होते. आईनं वरण वाढलं, बाबांनी ताट सरकवलं. मी पाणी प्यायले. मॅडम, वर्गात चिठ्ठी असते हो. इथं जे निघेल ते खरं असणार.

२६ जानेवारी, रविवार

विचारलं. झेंडावंदनाहून आले ती सरळ दुकानात गेले. बाबा एकटेच होते.

"बाबा, औरंगाबादले काऊन जाता तुम्ही?"

आणि गप्प राहिले. ते पाना पुसत राहिले. पुसलेलाच पाना पुसत होते. मला वाटलं, जाऊ द्या म्हणावं. पण म्हटलं नाही.

"मले काई नाई झालं, पोरी," ते म्हणाले. "तुह्या मायचं हाय. गावात तपासणीचं शिबिर झालं, तवा डॉक्टरनं तिच्या गाठीत सुई टाकून तपासलं होतं. मी तिले सांगतलं, साधी गाठ हाय. साधी नाई ते. ऑपरेशनचं विचारायले जातो. तिले कसं सांगू, समजूनच नाई राह्यलं."

घरी आले. आई दारातच उभी होती. म्हणाली, "तू दुकानात गेलती ना? तुह्या बाबाले काय झालं? खरं सांग मले."