पैजेची मिशी

तीर्थरूप बाबा,

परदेशातल्या त्या सहा महिन्यांच्या नोकरीत माझ्या पगारातून जास्तीचा टॅक्स कापला होता. तो परत मागणार म्हटल्यावर तुम्ही फोनवर हसलात. "सरकारच्या घशात गेलेलं परत येतं होय? आलं तर मिशी उतरवून देईन."

आज पैसे आले, बाबा. पैज मी जिंकले, पण वसूल कुणाकडून करू? तुम्हाला जाऊन महिना झाला. आणि मिशी तर त्याआधीच नर्सने नळी चिकटवायला काढली होती.

त्या दिवशी विमानतळावरून थेट हॉस्पिटलात आले. तुमच्या खाटेपाशी थांबले, आणि कुणी परका माणूस समजून पुढे गेले. शेजारचा पेशंट म्हणाला, "ताई, ते कधीचे तुम्हाला हात करतायत."

तुमची,
ठमाबाई